साताऱ्यात ‘सुटलीस’, श्टुटगार्टमध्ये ‘किती बारीक’: मग माप कोणाचं धरायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, उंची १५८ सेंमी, वजन ६१ किलो, कंबर ८४ सेंमी. चार वर्षांपासून श्टुटगार्टला राहते. ऑफिसातल्या जर्मन बायका म्हणतात, ‘तू किती नाजूक’. तिथले डॉक्टर म्हणाले, वजन नॉर्मल आहे. सुट्टीत साताऱ्याला आले की सासूबाई म्हणतात, ‘सुटलीस गं’. माझी धाकटी बहीण २२ वर्षांची, १५६ सेंमी, ४२ किलो. तिच्यासाठी स्थळं बघताहेत. ‘जरा अंग भरू दे’ म्हणून ओळखीच्या दुकानातून आणलेल्या वजनवाढीच्या सुट्ट्या गोळ्या तिला महिनाभर चालू आहेत. सौंदर्याचं माप एवढं कसं बदलतं, आणि आम्हा दोघींचं वजन खरं किती असावं?

उत्तर धाकटीपासून सुरू करतो, कारण घाई तिथे आहे. सुट्ट्या किंवा पुडीतल्या वजनवाढीच्या गोळ्यांत बहुतेक वेळा दोनपैकी एक औषध असतं, कधी दोन्ही. पहिलं सायप्रोहेप्टाडिन. हे मुळात अ‍ॅलर्जीचं औषध. त्याने भूक खवळते आणि झोप येते. वजन वाढतं, पण गोळी थांबली की भूकही उतरते आणि वजनही. दुसरं डेक्सामेथासोन किंवा त्याच्या जातीचं स्टेरॉइड, आणि खरी भीती याची. आठ-दहा दिवसांत गाल भरले, चेहरा गोल झाला, पण हातपाय तसेच काडीसारखे राहिले, तर ते अंग भरणं नव्हे. ते अंगात साठलेलं पाणी आणि चेहऱ्या-पोटावर सरकलेली चरबी. पुढे मुरूम, पोटा-मांड्यांवर जांभळट चिरा, पाळी अनियमित, रक्तात साखर.

मात्र हे वाचून गोळ्या आजच्या आज बंद करू नका. स्टेरॉइड तीन आठवड्यांच्या वर चाललं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी अंगाचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतात. बाहेरचा पुरवठा एकदम तोडला तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत प्रकरण जातं. गोळ्या, पुडी, असेल तो कागद घेऊन एमडी फिजिशियनकडे जा आणि ‘स्टेरॉइड असण्याची शंका आहे’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. ते डोस हळूहळू उतरवून देतील. गोळ्या आधीच थांबवल्या असतील आणि वरची लक्षणं दिसत असतील, तर ओपीडीची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा. दुकानदार ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणाला, याने काहीही सिद्ध होत नाही.

आता, साताऱ्यातल्या घराला मुलीचं ‘अंग भरलेलं’ का हवं असतं? याला वेडगळपणा म्हणून सोडून देता येत नाही, त्यामागे हिशेब आहे. माण-खटावसारख्या दुष्काळी मुलुखात अंगावरची चरबी म्हणजे घरातल्या कणगीची जाहिरात. ‘खात्यापित्या घरची’ हा शब्दच बघा, तो मुलीपेक्षा तिच्या बापाच्या ऐपतीबद्दल जास्त बोलतो. आपल्याकडे ‘तब्येत सुधारली’ म्हणजे वजन वाढलं, आणि ‘किती वाळलीस’ ही काळजीची हाक.

याच हिशेबाचं टोक पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियात दिसतं. तिथल्या मूरिश समाजात ‘लेब्लूह’ नावाची प्रथा आहे: पाच ते दहा वर्षांच्या मुलींना बळजबरीने उंटिणीचं दूध आणि कुसकुस खाऊ-पिऊ घालून जाड करायचं. नाही प्यायली तर पायाची बोटं दोन काठ्यांत धरून दाबायची. पावसाळ्यात दूध मुबलक असतं, तेव्हा हे चाले. जाड बायको म्हणजे नवऱ्याकडे तिला काम करावं लागू नये एवढी जनावरं आणि माणसं आहेत, हा त्याचा अर्थ. शहरांत ही सक्ती ओसरत गेली, पण अपेक्षा संपली नाही, आणि दुधाच्या जागी बाजारातल्या गोळ्या आल्या. त्यांतही भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडिन आणि स्टेरॉइडच. वाळवंट वेगळं, भाषा वेगळी, गोळी तीच.

उलटा प्रवास फिजीत नोंदवला गेला. तिथेही भरदार शरीर चांगलं समजलं जाई, आणि कुणी रोडावलं की त्याचे घरचे त्याची नीट काळजी घेत नाहीत, असा अर्थ निघे. आपल्या ‘वाळलीस’च्या अगदी जवळचा हा भाव. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी त्याच सुमारास शाळकरी मुलींची खाण्याच्या सवयींची प्रश्नावली भरून घेतली आणि १९९८ मध्ये पुन्हा भरून घेतली. खाण्याच्या विकाराच्या धोक्याच्या रेषेवरच्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन कमी करायला ओकारी काढणाऱ्या आधी एकही नव्हत्या, तीन वर्षांनी ११.३ टक्के. दोन्ही वेळच्या मुली वेगवेगळ्या होत्या आणि गट लहान, साठ-पासष्टचे, त्यामुळे सगळा दोष टीव्हीच्या माथी मारणं घाईचं. पण शरीराबद्दलची शेकडो वर्षांची समजूत एका शाळकरी पिढीच्या आत हलू शकते, हे त्यातून दिसलं.

तुमच्या बहिणीची अडचण अशी, की तिच्या घरात या दोन्ही समजुती एकाच वेळी हजर आहेत. स्थळाच्या जाहिरातीत ‘उंच, गोरी, सडपातळ’, आणि बघायला आलेल्या मावशी म्हणतात ‘फारच किरकोळ आहे हो’. चवळीची शेंगही हवी आणि अंगही भरलेलं हवं. हे माप कुणालाच बसत नाही, म्हणून तिच्याबाबतीत माप सोडून कारण शोधायचं.

४२ किलो आणि १५६ सेंमी म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १७.३. १८.५ च्या खाली ते खरोखर कमी आहे, नुसतं मावशींच्या नजरेत नाही. मुळात अशीच शिडशिडीत, पाळी नियमित, जिना चढताना दम लागत नाही, वजन वर्षानुवर्षं तेवढंच, असं असेल तर काळजी कमी. गेल्या सहा महिन्यांत वजन उतरलं असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉइड), साखर या तपासण्या करा. खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम असेल तर टीबीचीही. वारंवार जुलाब किंवा पोट फुगणं असेल तर गव्हाने बळावणारा सीलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार तपासावा लागतो. आपल्याकडे तो सहसा उशिरा लक्षात येतो.

आणि एक गोष्ट घरच्यांना विचारायला जड जाते: ती स्वतःहून कमी खाते आहे का? वैद्यकाच्या पुस्तकात एनोरेक्सियाची, म्हणजे खाणं टाळत जाण्याच्या मानसिक आजाराची, मुख्य खूण ‘जाड होण्याची भीती’ अशी असते. हाँगकाँगमध्ये मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवलं, की तिथल्या बऱ्याच रुग्ण मुली ही भीती बोलूनच दाखवत नाहीत. ‘पोट भरल्यासारखं वाटतं’, ‘भूक नाही’ एवढंच सांगतात. आपल्याकडे तेच ‘पित्त होतं’, ‘जात नाही’ आणि ‘आज उपवास आहे’ या शब्दांत येतं. खाण्याच्या विकारांसाठी वापरली जाणारी २६ प्रश्नांची प्रचलित प्रश्नावली इथे दोन्हीकडून चुकते. श्रद्धेने खाणं टाळणाऱ्या निरोगी बाईला ती उगाच गुण देते, आणि भीती न बोलणाऱ्या आजारी मुलीला सोडून देते. म्हणून प्रश्नावलीपेक्षा ताटाकडे बघा. आपला उपवास म्हणजे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’. साबुदाण्याच्या खिचडीच्या भरल्या बशीत चारशेच्या वर कॅलरी सहज असतात. जी मुलगी उपवासाच्या दिवशी खिचडीही टाळते, जिचे सोमवार-चतुर्थी-गुरुवार महिन्यागणिक वाढत चाललेत आणि उपवास सोडतानाही जी रमून जेवत नाही, तिथे उपवास धर्माचा राहिलेला नाही. जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, पाळी तीन महिने चुकणं, हातापायांवर बारीक लव वाढणं, सतत थंडी वाजणं, यांपैकी काही असेल तर आहारतज्ज्ञाआधी मानसोपचारतज्ज्ञ. ‘खा गं’ म्हणून दटावण्याने हे बरं होत नाही, उलट लपवणं वाढतं.

असं काही नसेल, तर पहिलं लक्ष्य ४५ किलो. तिच्या उंचीला बीएमआय तिथे १८.५ होतो. रोज ३०० ते ५०० कॅलरी जास्तीच्या, आठवड्याला पाव ते अर्धा किलो. दोन चमचे जास्त तूप म्हणजे साधारण ९० कॅलरी, मूठभर म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाणे १४०, मोठा कप म्हशीचं दूध अडीचशेच्या आसपास. एवढ्यात काम होतं, डबाबंद पावडरची गरज नाही. दोन चुका नेहमी होतात. एक, जेवणाआधी चहा, त्याने भूक मरते आणि लोहही शोषलं जात नाही. दुसरी, वजन वाढवायचं म्हणून व्यायाम बंद. आठवड्यातून दोनदा बैठका, जोर, भरलेली बादली उचलणं असं काही नसेल तर वाढलेले तीन किलो पोटावर जातात, स्नायूंवर नाही. तसं झालं की थोरल्या बहिणीचा प्रश्न धाकटीचा व्हायला वेळ लागत नाही.

आता तुमचं. ६१ किलो, १५८ सेंमी, बीएमआय २४.४. तुमचे जर्मन डॉक्टर नॉर्मल म्हणाले ते त्यांच्या तक्त्याप्रमाणे बरोबर आहे, तिथे २५ पर्यंत नॉर्मल. पण हा तक्ता आला कुठून? वजन भागिले उंचीचा वर्ग हे सूत्र बेल्जियमचे खगोल-गणितज्ञ केटले यांनी १८३० च्या दशकात ‘सरासरी माणूस’ शोधताना मांडलं. अमुक बाई लठ्ठ की बारीक, हे ठरवण्याचा त्यांचा हेतूच नव्हता. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं, तेही सात हजारांवर पुरुषांची मापं तपासून. त्यात बाई एकही नव्हती.

भारतीय शरीराला हे माप का कमी पडतं, याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर पुण्यातून आलं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा एक फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याच चमूने नवजात बाळं मोजली. सरासरी २.७ किलोची बाळं, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंत कमी, पोटातल्या अवयवांत कमी, पण खांद्याच्या पात्याखालची चरबी जवळजवळ राखून आलेली. म्हणजे दिसायला हडकुळं आणि आतून चरबीदार हे शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे जास्तीचे टप्पे सुचवले, आणि भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा असं ठरवलं. बायकांच्या कमरेला ७२ सेंमीवर सावध आणि ८० वर उपाय सुरू. त्या हिशेबात तुम्ही जास्त वजनाच्या गटात आहात, आणि कमरेने रेषा ओलांडली आहे.

म्हणजे सासूबाई बरोबर? अर्ध्याच. त्यांची नजर चेहऱ्यावर आणि दंडांवर असते, धोका कमरेच्या आत, आतड्यांभोवती असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका जाड ठरल्या, पण कंबर-नितंब गुणोत्तराने धोक्यात निघाल्या ५६.७ टक्के. या दोन आकड्यांच्या मधल्या बायकांना कुणी ‘सुटलीस’ म्हणत नाही. त्यांना ‘छान मेंटेन केलंय’ म्हणतात, आणि साखर निघाली की सगळ्यांनाच आश्चर्य वाटतं. श्टुटगार्टच्या नजरेत तुम्ही नेमक्या याच गटात बसता.

कंबर मोजतानाही घोळ होतो, आधी ८४ हा आकडा खरा आहे का बघा. परकराची नाडी जिथे बांधतो ती ही कंबर नव्हे, ती बरीच खाली असते. जीन्सवरचा ३० किंवा ३२ हा आकडा तर अजिबात धरू नका, कंपन्या तो सैल ठेवतात. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि बाजूने हाताला लागणारं कमरेचं हाड, या दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनने खूण करा. सकाळी, काही खाण्याआधी, कपडा बाजूला करून, आरशासमोर टेप सगळीकडून आडवा राहील असा धरा. नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर वाचा, पोट आत न ओढता. दोनदा मोजा, एक सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, तुमच्यासाठी ७९.

तुम्हाला ५० किलोचं व्हायची काहीही गरज नाही. वजनाच्या ५ ते ७ टक्के उतरवले, म्हणजे ३ ते ४ किलो, की साखर आणि यकृतातली चरबी यांत फरक पडतो. ५७ किलोला तुमचा बीएमआय २२.८ होतो, आणि ढोबळमानाने किलोमागे एक सेंमी धरलं तर कंबरही ऐंशीला टेकते. त्याला चार-पाच महिने द्या. लग्नसराईच्या तीन आठवडे आधी सूप-सॅलडवर राहून पाच किलो उतरवणाऱ्या बायकांचे केस दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने गळतात, आणि तोवर कारण विसरलेलं असतं. एकदम वजन उतरल्याने पित्ताशयात खडेही होतात. वजन उतरवण्याची सध्या गाजणारी इंजेक्शनं तुमच्या मापाच्या बाईसाठी नाहीत, त्यांची मान्यता साधारण बीएमआय ३० पासून, किंवा सोबत आजार असेल तर २७ पासून आहे.

खाण्यात भात-पोळी बंद करण्यापेक्षा प्रथिनं वाढवा, दिवसाला ६० ते ७० ग्रॅम. आपल्या वरण-भात-भाजीच्या ताटात ती जमत नाहीत, ३० ग्रॅम कच्च्या डाळीत जेमतेम सात ग्रॅम असतात. जर्मनीत मात्र सोय आहे. तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मागरक्वार्क मिळतं, आपल्या चक्क्याचा बिनसायीचा भाऊ. २५० ग्रॅमच्या डब्यात सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं आणि पावणेदोनशेच्या आत कॅलरी. काकडी-मीठ-जिरं घालून कोशिंबीर करा किंवा फोडणी द्या. साखर-वेलची घालायची नाही, मग ते श्रीखंड झालं. आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम आणि १५० मिनिटं भरभर चालणं. वजनांचा व्यायाम टाळू नका, तुमच्या शरीरात कमी आहे तो स्नायूच.

जर्मनीत सरकारी विमा असेल तर १८ ते ३४ या वयात एकदाच सर्वसाधारण आरोग्य तपासणी मिळते. ती घेतली नसेल तर ३५ पूर्ण होण्याआधी घ्या. या वयात रक्ततपासणी आपोआप होत नाही, धोका असेल तरच करतात. म्हणून सांगा, की तुम्ही दक्षिण आशियाई आहात, कंबर ८४ आहे, आणि आई-वडिलांना मधुमेह असेल तर तेही. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ५.७ ते ६.४ आली तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी. हिमोग्लोबिन कमी असेल तर मात्र एकट्या एचबीए१सीवर विश्वास ठेवू नका. लोहाच्या कमतरतेत तो आकडा खोटाच वर जातो, आणि भारतात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे.

राहिला बोलण्याचा प्रश्न. जर्मनीत दुसऱ्याच्या शरीरावर तोंडावर बोलणं असभ्य मानतात, पण माप तिथेही आहे, फक्त ते कपड्यांच्या लेबलवर शिवलेलं असतं. तिथला ३८ नंबर ८८ सेंमी छाती आणि साधारण १६८ सेंमी उंची धरून बेतलेला असतो. तुमच्या उंचीला तीच पँट कमरेत आवळते आणि पायात लोळते. त्यात शरीराचा दोष नाही. बुटक्या बांध्यासाठी तिथे निम्म्या आकड्याचे नंबर असतात, ३८ ऐवजी १९ मागा. साताऱ्यात लेबल नाही, थेट सासूबाई आहेत. त्यांचं ‘सुटलीस’ बऱ्याचदा ‘खूप दिवसांनी तुला डोळे भरून पाहिलं’ एवढंच असतं, आणि त्यावर बीएमआय समजावून सांगण्यात अर्थ नाही. ‘हो आई, कंबर मोजतेय मी, चला, तुमचीही मोजू’ म्हणून टेप काढा. त्यांच्या वयात त्या मोजमापाची गरज तुमच्यापेक्षा त्यांना जास्त असण्याची शक्यता आहे.